दिवाळीत नव्हे, डिसेंबरात

गावी जायचं तर दिवाळीत, हे आपल्याकडे ठरूनच गेलंय. पुण्यात आमच्या इमारतीत खानदेशातली बरीच घरं आहेत. वसुबारस आली की एकेका दाराला कुलूप लागतं आणि भाऊबीज उलटली की सगळे पहाटे ट्रॅव्हल्समधून उतरतात, डोळे तारवटलेले, हातात फराळाच्या पिशव्या. दिवाळीला मीही जातो, पण दोन दिवसांपुरता. खरी रजा मी राखून ठेवतो ती नाताळच्या आठवड्यासाठी. त्या आठवड्यात यावल तालुक्यातल्या आमच्या गावात सण नसतो, जत्रा नसते, पौष लागला असेल तर लग्नही नसतं. कुणी कुणाची वाट पाहत नसतं. ज्याच्या त्याच्या हातात काम असतं. मला गावाला भेटायचं असतं ते असं, कामात असताना.

आईला हे सुरुवातीला पटलं नव्हतं. "सनाले घरी नही, अन् बिनसनाचा काय येतो?" असं तिनं तोंडावर विचारलं होतं. आता दसरा झाला की तीच फोनवर विचारते, "रजा टाकली का रे?"

दिवाळीत घर आपल्यासाठी नटून बसलेलं असतं. भिंतींना नवा रंग, ओट्यापुढे रांगोळी, डब्यांत शेव-चिवडा. कसं चाललंय विचारलं तर आई "मजेत" म्हणते, कारण सणाच्या दिवशी दुखणं बोलू नये. काका सोसायटीच्या कर्जाचं काढत नाहीत. मित्र भेटतात ते चौकात, घोळक्यानं, आणि त्यातले अर्धे दुसऱ्या दिवशी सासुरवाडीला निघालेले असतात. त्या दिवसांना मी नावं ठेवणार नाही. वर्षभर खपणाऱ्या माणसाला सणाचा तेवढा आधार लागतोच. पण तेवढंच पाहून परतलं की वाटायला लागतं, गावाचं बरं चाललंय. मग पुढं कधी फोनवर आईचा आवाज बसलेला लागला तरी "थंडी बाधली असेल" म्हणून आपण मोकळे होतो.

पुण्याहून रात्रीची गाडी. दौंड, अहिल्यानगर झोपेत जातं. मनमाडला मात्र मी उठतो. डब्यातले निम्मे लोक तिथं जागे होतात, कुणी चहासाठी, कुणी पुढची गाडी धरायला. मी फलाटावर उतरून उभा राहतो तो दुसऱ्याच एका कारणासाठी. १९३६ च्या डिसेंबरात याच मनमाडहून शेकडो शेतकरी पायी निघाले होते, फैजपूरला. फैजपूर म्हणजे आमचा बाजाराचा गाव. तिथं २७ आणि २८ डिसेंबरला काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन भरलं. त्याआधीची सगळी अधिवेशनं शहरांत झालेली. खेड्यात भरलेलं हे पहिलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. गांधीजी आलेले. शांतिनिकेतनातून आलेल्या नंदलाल बोसांनी बांबू आणि गावाकडच्याच साध्या सामानातून टिळकनगराची, म्हणजे अधिवेशनाच्या जागेची, सजावट केली. धनाजी नाना चौधरी आणि त्यांच्या सोबत्यांनी हे सगळं अंगावर घेतलं होतं. फैजपूरच्या महाविद्यालयाला आज त्यांचं नाव आहे. मनमाडहून चालत आलेल्यांचं मागणं शेतसारा, खंड (कसायला घेतलेल्या जमिनीचं भाडं) आणि कर्ज यांबद्दल होतं, आणि त्या अधिवेशनात शेतीविषयक कार्यक्रमाचा ठराव झाला.

आमच्या घरात सांगतात की पणजोबा बैलगाडीत ज्वारीची पोती घालून फैजपूरला गेले होते आणि अधिवेशन संपेपर्यंत परतले नाहीत. डिसेंबर म्हणजे कापूस वेचणीला आलेला, रब्बीला पाणी द्यायचं, एक माणूस घरातून गेला तरी खोळंबा. तरी गेले. मनमाडच्या फलाटावर गार वाऱ्यात उभं राहिलं की मला ते चालणारे लोक आठवतात. एवढ्या थंडीत, इतक्या लांब, आणि बहुतेकांच्या पायात धड वहाणाही नसतील. आम्ही तोच रस्ता ब्लँकेट पांघरून रात्रीत पार करतो. शाळेत आम्हांला फैजपूर अधिवेशन एका गुणाच्या प्रश्नापुरतं होतं. परीक्षेत वर्ष लिहिलं की संपलं. आपल्या बाजाराच्या गावात घडलेली गोष्ट आपल्याला कुणी तिथं नेऊन का दाखवली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

चाळीसगाव सोडलं की खिडकीच्या पत्र्याला हात लावावासा वाटत नाही. पाचोऱ्याला थोडं उजाडतं. इथून जामनेरला जाणारी छोटी गाडी, सगळे तिला पी.जे. म्हणत, २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. आता त्या ५६ किलोमीटरांवर मोठा रूळ टाकायचं काम काढलंय. आईचं माहेर जामनेरकडचं. पाचोरा आलं की फोन करायचा, हा तिचा नियम अजून आहे.

खानदेशच्या उन्हाळ्याबद्दल सगळ्या महाराष्ट्राला माहीत असतं. भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या वर गेला की वर्तमानपत्रं बातमी करतात. आमच्या थंडीबद्दल मात्र पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगितलं तर खरं वाटत नाही. हिवाळ्यात राज्यातलं सर्वांत कमी तापमान पुष्कळदा निफाडला नाहीतर धुळ्याला नोंदलं जातं. धुळ्याला ५-६ अंश म्हणजे नवल नाही. तापीचं खोरं उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठा-सातमाळ्याच्या डोंगररांगा यांच्यामध्ये पूर्व-पश्चिम लांबट पसरलंय. समुद्र लांब, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी ऊब सोडून देते आणि गार, जड हवा खाली बसून राहते. उन्हाळ्यात जीव घेणारा कोरडेपणाच हिवाळ्यात हाडं गोठवतो.

भुसावळला उतरून फैजपूरची एसटी धरायची. तापीचा पूल ओलांडला की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी लागतात, आणि समोर, अजून धुक्यात असलेला, सातपुडा.

या थंडीचं खरं मोल मला कळलं ते केळीच्या बागेत, रात्री.

माझा बालमित्र केळी करतो. आम्ही पहिलीपासून दहावीपर्यंत एका बाकावर. त्याचे वडील लवकर गेले, तो बारावीनंतर शेतात उतरला. मी पुण्याला गेलो. दिवाळीत तो मला चौकात भेटतो, इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, आणि आम्ही जुन्या मास्तरांच्या नकला करून हसतो. डिसेंबरात मी त्याच्या घरी जातो तेव्हा तो झोपलेला असतो, दिवसा अकरा वाजता. कारण शेतीची वीज एक आठवडा दिवसा मिळते, एक आठवडा रात्री. रात्रपाळीचा आठवडा असला की रात्री जागायचं आणि दिवसा मिळेल तेवढं झोपायचं.

"मी येतो रात्री तुझ्याबरोबर," मी म्हणतो.

"थंडी वाजीन तुले."

"वाजू दे."

कानाला मफलर, अंगात दोन स्वेटर, हातात बॅटरी. वाटेत तो बांधाकडे बॅटरी मारत चालतो, कारण बिबट्या फिरतो म्हणतात. सातपुडा जवळ आहे. मोटर सुरू करून ठिबकचे कॉक बघायचे, कुठं नळी उंदरानं कुरतडली असेल तर सांधायची. विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा कोमट असतं. थंडीत बागेला रात्री पाणी द्यायचं ते त्यासाठी, जमिनीत ऊब राहावी म्हणून. केळीला थंडी सोसत नाही. पारा १० अंशांच्या आसपास घसरला की वाढ थांबते, पान उलगडायला दुप्पट दिवस लागतात. जूनमध्ये लावलेली मृगबाग डिसेंबर-जानेवारीत निसवायच्या, म्हणजे घड बाहेर टाकायच्या, बेतात असते, आणि थंडीचा कडाका नेमका तेव्हा आला की घड पोंग्यातच, शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांतच, अडकतो, बाहेर पडला तरी वाकडातिकडा. घड आधीच आलेला असेल तर तो भरत नाही. पिकवल्यावर साल पिवळीधमक न होता मळकट पडते आणि व्यापारी हात लावत नाही. कांदेबागेची ऑक्टोबरात लावलेली रोपं तर अजून गुडघ्याएवढीही नसतात.

पहाटे तीनच्या सुमाराला तो बांधावर शेकोट्या लावतो. वाळका पाला, काडीकचरा, थोडा ओला भुसा. जाळ नको असतो, धूर हवा असतो. तो बागेवर खाली पसरून राहिला की जमिनीतली ऊब वर निघून जात नाही. सगळ्या शिवारात असे धूर उठलेले असतात. प्रत्येक धुराशी एक माणूस. कुणाचा तरी मोबाइल वाजत असतो, कुणी लांबून हाळी देतो, "किती झालं रे?" आणि मित्र खिशातल्या फोनवर पाहून ओरडून सांगतो, "नऊ!"

दिवाळीतल्या कुठल्याही गप्पांत मला न सांगितलेलं तो अशा वेळी बोलतो. भाव कसा निघतो ते. बऱ्हाणपूरचा नि रावेरचा भाव रोज जाहीर होतो, सगळ्या शिवाराचं लक्ष त्या आकड्याकडे असतं. पण बांधावर आलेला व्यापारी त्यापेक्षा खालीच मागतो, आणि घड तयार झाला की तुमच्या हातात दिवस मोजकेच. कापूस साठवता येतो, हरभरा साठवता येतो, केळी साठवता येत नाही. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मी पुण्यात ती बातमी अभिमानानं सगळ्यांना दाखवली होती. मित्रानं एवढंच विचारलं होतं की त्यामुळे भाव किती वाढला. मी त्यावर पुष्कळ विचार केलाय. मानांकनानं नाव राखलं जातं, ते महत्त्वाचं आहेच. पण पहाटे तीनला धूर करणाऱ्या माणसापर्यंत त्यातलं काही पोचायला मधली फार माणसं ओलांडावी लागतात.

पीकविमा हवामानावर आहे. सलग तीन दिवस किमान तापमान ठरलेल्या आकड्याखाली गेलं तर भरपाई. तापमान मोजणार महसूल मंडळातलं हवामान केंद्र. केंद्र एका गावात, बाग दुसऱ्या गावात, मध्ये ओढा आणि खोलगट जमीन. "माझ्या वावरात थंडी ज्यादा हाये हे मी कोनाले सांगू?" तो म्हणतो. त्याच्या आवाजात तक्रार नसते. तो हिशेब सांगत असतो.

मग त्याच्या धाकट्या भावाचं निघालं. वय तिशीच्या पुढं, कृषी पदविका, चांगला मुलगा, अन् लग्न जमत नाही. "पोरगी पाहाले गेलो तं पहिला सवाल, पुन्यात फ्लॅट हाये का? शेती किती हे दुसरा. शेतीत काम करनार का हे कोनी इचारतच नही, कारन त्याचं उत्तर त्याहिले नकोच असते." ही आता एका घराची गोष्ट राहिलेली नाही. आमच्या गल्लीत अशी तिशी उलटलेली मुलं घराघरांत आहेत. मुलींचं मी चुकीचं म्हणणार नाही. त्यांच्या आयांनी काय काढलंय ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. माझी स्वतःची बहीण शेतकऱ्याकडे द्यायची नाही असं आमच्या घरातच ठरलं होतं.

"हे दिवाळीत का नाही बोललास?" मी विचारलं.

"दिवाळीले तू येतो तव्हा मी बी नवा शर्ट घालून बसेल ऱ्हातो," तो म्हणाला. "तव्हा आपन दोघं बी पाहुने. पाहुन्यानं पाहुन्याले काय सांगावं?"

घरी येऊन अंगावर तीन गोधड्या घेतल्या तरी पावलं गार होती. दुपारी उठलो तेव्हा आई ओट्यावर उन्हात बसून हरभऱ्याची भाजी निवडत होती. कोवळे शेंडे खुडले की झाडाला फांद्या फुटतात आणि घाटे जास्त लागतात, म्हणून डिसेंबरात आमच्याकडे बाया सकाळीच खुडायला जातात. पानांवर आंब असते. बोटं हुळहुळतात, तोंडात टाकलं तर आंबटखारट. काही ताजी शिजवायची, बाकीची सावलीत वाळवून वर्षभर. मी तिच्यापाशी बसून निवडायला लागलो. अशी शेजारी बसून, हाताला काम असताना आई जे बोलते ते फोनवर कधीच बोलत नाही. डाव्या गुडघ्याचं. रात्री उठताना भिंत धरावी लागते त्याचं. काकूशी आठ दिवस अबोला होता त्याचं, आणि तो कसा मिटला त्याचं. पुण्याला चल म्हटलं की ती दर वेळी म्हणते, "येईन ना." कधी येणार ते सांगत नाही. यंदा मी विचारलंच नाही. त्याऐवजी फैजपूरहून गवंडी आणला आणि न्हाणीघराच्या वाटेवर धरायला लोखंडी दांडा बसवून घेतला. दिवाळीत गवंडी मिळाला नसता, आणि मला त्या दांड्याची गरज दिसलीही नसती.

दुसरं मोठं काम दारावर जायचं.

वर्षभरात गावात जी माणसं गेली त्यांच्या घरी जाऊन बसायचं. आईच्या तोंडी ती यादी तयार असते. कोण कधी गेलं, कशानं गेलं, मी कुठं आधी जायचं, कुणाकडं ती सोबत येणार. हे दिवाळीत होत नाही. ज्या घरात माणूस गेलंय त्या घराला तो पहिला सण काढणं जड असतं, नातेवाईक येऊन जातात, आणि आपण रंगीत कपड्यांत कुणाचं दुःख विचारायला जाणं बरं दिसत नाही. डिसेंबरात दुपारी जावं. दार उघडं असतं. घरातलं माणूस ओट्यावर ऊन खात बसलेलं असतं. पहिली पाच मिनिटं कुणी काही बोलत नाही, आणि बोलायला हवं असंही नसतं. मग चहा येतो. मग माणूस स्वतःहून सांगायला लागतं, शेवटचा दिवस, दवाखाना, काय बोलले, काय राहून गेलं. फोनवर "ऐकून फार वाईट वाटलं" म्हणण्यानं यातलं काहीच होत नाही. मी अनेकदा तसं म्हटलंय, सगळेच म्हणतात. पण त्या घरात जाऊन बसल्याशिवाय आपण आलो असं धरलं जात नाही, आणि ते बरोबरच आहे.

माझ्या गणिताच्या सरांच्या घरी गेलो होतो. सर पावसाळ्यात गेले. बाई एकट्या. दोन्ही मुली लांब, एक इंदूरला, एक सुरतेला. बाईंनी सरांचं कपाट उघडून दाखवलं. खडूच्या पेट्या, जुन्या निकालांच्या वह्या, आणि एका वहीत आमच्या तुकडीचीही नावं सरांच्या वळणदार अक्षरात. ती वही मी बराच वेळ पाहत होतो. मग बाई हळूच म्हणाल्या, "बेटा, ते हयातीचं काही करता येईल का?" कुटुंबनिवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि बाईंचा अंगठा यंत्र घेत नव्हतं. आयुष्यभर भांडी, धुणी, सारवण. बोटांवरच्या रेषाच झिजल्यात. दोनदा केंद्रावर जाऊन त्या परत आल्या होत्या. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही हा दाखला काढता येतो. ओट्यावर चांगल्या उजेडात बाईंना बसवलं, आईनं मागं पांढरी चादर धरली, पहिल्यांदा जमलं नाही, मग बाईंनी चष्मा काढला आणि झालं. बाई म्हणाल्या, "बस्स? एवढंच होतं?" एवढंच होतं. हे एवढंच करायला गावात कुणी नव्हतं असंही नाही. पण तरण्या मुलांना सांगायचं तर बाईंना संकोच, आणि मुलं दिवसभर शेतात नाहीतर जळगावला कामाला. त्यानंतर दोन दिवसांत आमच्या ओट्यावर आणखी म्हाताऱ्या माणसांची वर्दळ सुरू झाली, कुणाचं केवायसी, कुणाचा विम्याचा कागद. एक आजोबा तर नुसतं नातवाच्या मेसेजचं मोठ्यानं वाचन करून घ्यायला आले. ते मी दोनदा वाचलं.

मुलीला एक दिवस हतनूरला नेलं. तापीवरच्या या धरणाच्या फुगवट्यात हिवाळ्यात लांबून पाखरं येतात. तिनं चक्रवाकांची जोडी पाहिली आणि घरी येऊन आजीला त्यांचा भगवा रंग किती गडद होता ते हातवारे करून सांगितलं. परतताना रस्त्यावर मेहरूणची बोरं घेतली, तांबूस, पातळ सालीची. बस संपायच्या आत पिशवी संपली.

आता भरीत. खानदेशातला हिवाळा म्हटलं की लोकांना आधी तेच आठवतं, आणि मी इतका वेळ त्याकडे आलो नाही, कारण भरीत-पार्टीची छायाचित्रं सगळीकडे दिसतात आणि गावाची ओळख तेवढ्यावर संपते. पण ते सोडून पुढं जाणंही मला जमणार नाही. चातुर्मासात वांगं न खाणारी घरं आमच्याकडे अजून आहेत. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवला की वांगं सुरू. तोवर भरिताची वांगीही चांगली तयार झालेली असतात: मोठी, फिकट हिरवी, पांढुरक्या रेघांची, बी कमी, साल पातळ. बामणोदचं नाव मोठं, आसोद्याचंही. वांग्याला टोचे मारून कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजायचं. काड्यांचा जाळ भरभर लागतो आणि भरभर उतरतो, त्यात वांगं बाहेरून काळं होतं आणि आतून लोण्यासारखं. गॅसवर भाजलेल्याला तो वास येत नाही. हे मी पुण्यात सगळ्या तऱ्हांनी करून पाहिलंय. साल काढून भाजलेल्या हिरव्या मिरच्या नि लसणासोबत लाकडी भांड्यात ठेचायचं, मग तेलात जिरं, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकरी, ज्वारी नि उडीद एकत्र दळलेली. केळीच्या पानावर.

या पार्ट्या पुरुषांच्या झाल्यात, हे मात्र मला खटकतं. वावरात जायचं पुरुषांनी, आणि घरी कळण्याच्या पन्नास-साठ भाकरी थापायच्या बायांनी, त्या डब्यात भरून पाठवायच्या, स्वतः घरात जेवायचं. ज्या बाया त्याच वावरात महिनाभर कापूस वेचत होत्या त्यांना त्याच वावरात जेवायला बोलावत नाहीत. म्हणून आता आम्ही सगळ्यांना बोलावतो. चूल वावरातच मांडतो. मित्राची बायको, काकू, आई, आमच्या वर्गातली सावद्याला दिलेली मैत्रीण तिच्या नवऱ्या-मुलांसह, बागेत काम करणारी सातपुड्याकडची पावरा आदिवासी कुटुंबं, गणिताच्या बाई. पहिल्यांदा बायका एका बाजूला बसल्या होत्या. आता मिरच्या किती यावरून दोन्ही बाजूंनी वाद होतो आणि आमची मैत्रीण जिंकते. भाकरी आम्हीही थापतो. माझ्या जाड होतात, मित्राच्या चांगल्या. मित्राचा धाकटा भाऊ त्या रात्री सगळ्यांत जास्त हसत होता. त्यानं बाईंना हात धरून बांधावरून आणलं आणि हात धरूनच नेलं.

रात्री दहाला मित्र उठला. रात्रपाळीचा आठवडा होता, वीज आली होती.

माझा भाऊ या सगळ्यात कधी नसतो. तो सुरतेत उधन्याला असतो, कापडाच्या धंद्यात. आमच्याकडचे इतके लोक तिथं आहेत की त्या बाजूला फिरताना कानावर सगळी आपलीच बोली पडते. नाताळात सुरत चालू असते, मालक सुट्टी देत नाही. त्याची सुट्टी दिवाळीतली, आणि दिवाळीत तो येतो तेव्हा आई त्याला "मजेत" म्हणते. मी त्याला दांड्याचं सांगितलं. तो काही वेळ बोलला नाही, मग म्हणाला, "मले तं कधी बोलली नही." नाताळात जमत नसेल तर उत्तरायणाला ये, मी म्हटलं. १४ आणि १५ जानेवारीला सुरतेत सगळं बंद असतं, सगळे गच्चीवर पतंग उडवतात. सुरत-भुसावळ गाडीनं रात्रीत घरी पोचतो. आमच्याकडे संक्रांत असते, पण ती काही लेकानं धावत यावं असा सण नाही. हरभरा घाट्यावर असतो. थंडीही अजून असते.

त्याची बायको म्हणते, मुलांना पतंग सोडून गावी नेलं तर ती रडतील. आपल्या गच्चीवरून उडवा म्हणावं. सातपुड्याचा वारा आहे. त्यानं अजून हो म्हटलेलं नाही. काल रात्री मात्र त्याचा फोन आला होता. विचारत होता, दांडा भिंतीत किती आत गाडलाय, आणि ओट्याच्या पायरीलाही तसाच लावायचा तर काय खर्च येईल.